नव्या पाटीची तपासणी

आमच्या घरमालक काकांनी या जगातली एकही गोष्ट तपासल्याशिवाय आत घेतलेली नाही. यात दूध, पाहुणे, वर्तमानपत्रातल्या बातम्या, डॉक्टरांची औषधं आणि मी, असे सगळे आलो. 'आत घेणं' हा त्यांचा शब्द. भोसरीच्या एका कारखान्यात, बाहेरून येणारा माल तपासायच्या खात्यात, त्यांनी चौतीस वर्षं काढली. पुरवठादाराचा टेम्पो फाटकातून आत आला की त्यातले चार नग उचलायचे, मोजायचे, आणि ठीक असेल तर हिरवं कार्ड, बाद असेल तर लाल कार्ड, मनात शंका असेल तर पिवळं कार्ड सुतळीने बांधायचं. पिवळं म्हणजे होल्ड. होल्डवरच्या मालाला मोठ्या साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. निवृत्त होताना लोक कंपनीतून घड्याळ नाहीतर गणपतीची मूर्ती घेऊन घरी येतात. काका कार्डांचा एक न फोडलेला गठ्ठा घेऊन आले. चोरून नव्हे, रीतसर अर्ज करून, हे ते अजूनही आवर्जून सांगतात. तेव्हापासून चऱ्होलीतल्या त्यांच्या दुमजली घराचं फाटक म्हणजे कंपनीचंच फाटक झालं आहे.

सहा वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. मी लातूरकडचा. तालुक्याच्या गावात शिकलेला, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर. पदवीचा कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी शर्टाच्या आत पोटाशी धरून बसने आणला होता, कारण तो बॅगेत ठेवायला वडिलांनी सक्त मनाई केली होती.

"शिक्षण?" काकांनी विचारलं.

"बी.एस्सी. झालोय."

"झालाय व्हय? दाव कागद."

मी पोटातून कागद काढून दिला. काकांनी तो उन्हात धरला, उलटा केला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "कागद बरा वाटतोय," ते म्हणाले. "आता मानूस बघू." आणि माझ्या खोलीच्या कडीला त्यांनी पिवळं कार्ड बांधलं. दोन महिने मी त्या कार्डाखालून ये-जा केली. "तुझ्यावर राग न्हाई बरं का, बीएस्सी," ते सांगत. "रीत हाय." बीएस्सी हे नाव मला त्याच दिवशी पडलं ते पडलंच. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी शिफ्टवरून आलो तर कडीला हिरवं कार्ड होतं.  काकूंनी जिन्यावरून हाक मारून पिठलं-भाकरीचं ताट दिलं. पदवीदान समारंभाला मी गेलो नव्हतो, भाड्यापुरते पैसे नव्हते म्हणून. पण तिथे काय वाटलं असतं ते मला त्या जिन्यावर ताट हातात धरून कळलं.

काकांच्या संशयाला जात, धर्म, नातं काहीही आडवं येत नाही. दुधात घालून पाहायची नळी त्यांच्याकडे आहे. पण ती नळीच खोटी असेल तर? म्हणून दुसरी आहे. एकदा दोघींचं पटलं नाही तेव्हा तिसरी आणली, आणि दूधवाला फाटकाशी उभा राहून तीन नळ्यांचा निकाल लागेपर्यंत वाट पाहत राहिला. घरासमोर पूर्वी ज्वारीचं रान होतं, तिथे आता गृहसंकुलाचे टॉवर उठताहेत. काका रोज सकाळी गच्चीवर जाऊन त्यांचे मजले मोजतात. काल अकरा होते आणि आज बारा झाले तर त्यांची हरकत नाही, पण काल अकरा होते आणि आजही अकराच आहेत याचं कारण त्यांना हवं असतं. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, पिंपळे सौदागरला राहते, आयटीत आहे. तिच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला काकांनी किल्लीने एकेक फरशी ठोकून पाहिली. चार फरश्या पोकळ वाजल्या. चारींवर पिवळी कार्डं चिकटवली गेली आणि व्याही, विहीण, ताईचे कंपनीतले साहेब, सगळे हातात ताटं घेऊन त्या फरश्या चुकवत जेवले. काकू मला म्हणाल्या, "माझ्या बापानं लग्नात एवढं ठोकून बघितलं असतं, तर मी आज कुठल्या कुठं असते रं बाळा."

अशा माणसाला वाचनाचं वेड असेल हे कुणाला खरं वाटणार नाही. काका दहावी, पुढे आयटीआय. निवृत्तीच्या वेळी ताईने त्यांना एक ई-रीडर दिला. काकू त्याला पाटी म्हणतात, म्हणून घरात सगळेच पाटी म्हणतात. तीही पाटी चार महिने होल्डवर होती. पण एकदा हिरवं कार्ड मिळालं आणि काका तिच्यात जे शिरले ते शिरलेच. रहस्यकथा, प्रवासवर्णनं, मधमाश्या, किल्ले, कोंबडीपालन, काहीही. राखाडी रंगाची, दोन्ही कडांना बटणं असलेली पाटी, आणि बटणांवरचे बाण अंगठ्याने झिजून गेलेले. तिचं वायफाय त्यांनी पहिल्याच वर्षी बंद केलं. "दार उघडं ठिवलं की कोनबी आत येतंय," हे कारण. पुस्तक लागलं की ताई तिच्या लॅपटॉपवरून वायर लावून घालून देणार, तेही त्यांच्यासमोर बसून. दर रविवारी चार ते सहा ती पाटी मला मिळे. आमच्या घरी पाठ्यपुस्तकं सोडून पुस्तक नव्हतं. मी आयुष्यातली पहिली कादंबरी त्या राखाडी पडद्यावर, काकांच्या ओट्यावर बसून वाचली, आणि ती संपल्यावर काकांनी माझी तोंडी परीक्षा घेतली, कारण मी पानं नुसती उलटली नाहीत हे त्यांना पाहायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, आणि उशिरा. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंबांनी जपायची, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. वाचायचं असेल तर भरपूर उजेड आणि मोठं अक्षर. काकांनी पहिला संशय थेंबांच्या बाटलीवर घेतला. डोळ्यात पडलेला प्रत्येक थेंब काकू भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ ओढून नोंदवत, आणि बाटलीवर लिहिलं आहे तितकं औषध आत असतं का याचा शोध सुरू झाला. हसायला येई. पण एके दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाळा, हे पाटी घेऊन बसत्यात, पर पान न्हाई बदलत. मी बघितलंय. एकच पान घेऊन तासभर बसत्यात. इचारलं तर म्हनत्यात, इचार करतोय."

जुन्या पाटीला स्वतःचा उजेड नव्हता. खिडकीशी, ट्यूबखाली, गच्चीवर, कुठेही बसले तरी काकांना तो राखाडी पडदा आता पुरत नव्हता. ताई त्याच आठवड्यात नवी पाटी घेऊन आली. आतून उजेड असलेली, तो हवा तसा पिवळट किंवा पांढरा करता येणारी, अक्षर अंगठ्याएवढं होणारी. तिने ती काकांच्या हातात दिली, आणि काकांनी ती टेबलावर ठेवून तिला पिवळं कार्ड बांधलं.

"अप्पा, डोळे आहेत तोवर वाचा हो!" ताईचा आवाज चढला. "तपासणी कसली करताय?"

"डोळं हायेत तवरच तपासनी हुती. मागनं कशी करू?"

ताई रडकुंडीला येऊन गाडीत बसली. जाताना काच खाली करून मला म्हणाली, "तुझं ऐकतील ते. बघ ना जरा." माझं ते ऐकतील हे मला नवीनच होतं. पण या माणसाने मला वाचायला लावलं होतं, आणि त्याचंच वाचन आता एका पिवळ्या कार्डामागे अडकलं होतं. मी तपासणीत त्यांचा मदतनीस व्हायचं ठरवलं. लवकर संपेल तेवढं बरं.

तपासणी लवकर संपली नाही. आधी वजन. मग व्हर्नियरने जाडी, चारही कोपऱ्यांत. जुन्या पाटीची जाडी सगळीकडे सारखी आणि नवीची एका बाजूला जास्त. "फुगलीय," काका म्हणाले. धरायला सोपं जावं म्हणून कंपनीनेच ती बाजू तशी केली आहे हे मी माहितीपत्रकातून वाचून दाखवलं. "चूक झाली की समदे असंच म्हनत्यात," काका म्हणाले. बटणं नाहीत, नुसता हात लावला की पान उलटतं, यावर मोठा आक्षेप निघाला. माशी बसली तर? मग आम्ही माशीची वाट पाहिली. माशी बसली, पान उलटलं नाही, आणि काका जरा नाराज झाले. पाण्यात पडली तरी काही होत नाही असा दावा खोक्यावर होता. काकूंनी तत्परतेने बादली आणून ठेवली.

"एकच नग आसल तर मोडायची चाचनी करत न्हाईत," काका म्हणाले. "ताईला सांग, आजून एक धाडायला. ती बुडवू, ही वापरू."

"तुमाला बुडवते मी," काकू म्हणाल्या आणि बादली घेऊन गेल्या.

पण हे सगळं वरवरचं होतं. काकांचा खरा संशय आतल्या मजकुरावर होता. जुन्या पाटीत जे पुस्तक आहे तेच नव्या पाटीत आहे कशावरून? नवी पाटी कायम वायफायला जोडलेली, दार सताड उघडं. त्यांच्या खात्यात याची एक पद्धत होती. एक नग खात्रीचा म्हणून कपाटात कुलुपात ठेवायचा, त्याला मास्टर म्हणायचं, आणि येणारा प्रत्येक माल त्याच्याशी ताडायचा. जुनी पाटी मास्टर ठरली. ताडायला पुस्तक निवडलं ते काकांचं सर्वांत लाडकं, एक जाडजूड रहस्यकथा.

या रहस्यकथेबद्दल सांगायला हवं. आचाऱ्यासकट सात माणसं घाटातल्या एका बंगल्यात मुक्कामाला जातात, त्यातल्या एकाचा खून होतो आणि शेवटी आचारी पकडला जातो. पण खुनाच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर चहाचे आठ कप होते, असं एक वाक्य मध्येच येतं. आठ. माणसं सात. हा आठवा कप कुणाचा, याचा पुस्तकात पुढे कुठेही उल्लेख नाही. काकांनी ते पुस्तक नऊ वर्षांत अकरा वेळा वाचून असं सिद्ध केलं होतं की आचारी निर्दोष आहे, बंगल्यात आठवा माणूस होता, लेखकाला ते माहीत होतं आणि कुणाच्या तरी दबावाखाली त्याने ते लपवलं. मला ही उपपत्ती त्यांनी तीनदा सांगितली होती. दूधवाल्याला किती वेळा सांगितली ते माहीत नाही, पण तोही एकदा मला विचारत होता, "भाऊ, त्या आचाऱ्याचं पुढं काय झालं?"

रविवारी ओट्यावर आम्ही समोरासमोर बसलो. मी नवी पाटी घेऊन मोठ्याने वाचायचं, काकांनी भिंग घेऊन जुन्या पाटीत पाहायचं आणि "बरोबर" म्हणायचं. पाच-सहा पानांनंतर माझ्या लक्षात आलं की भिंग एका जागीच आहे. काका पाहत नव्हतेच. पुस्तक त्यांना पाठ होतं. मी वाचायच्या आत त्यांचे ओठ हलत होते. मी वाचत राहिलो. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी आम्ही ओसरीवर पोहोचलो आणि मी वाचलं, "ओसरीवर चहाचे सात कप मांडले होते."

"आठ."

"सात लिहिलंय, काका."

"नीट बघ."

मी नीट पाहिलं. अक्षर मोठं करून पाहिलं. मग जुन्या पाटीत पाहिलं. तिथे आठ होते.

काका उभे राहिले. "मिटवला!" त्यांचा आवाज पार टॉवरच्या सळयांपर्यंत गेला असेल. "पुरावा मिटवला!"

काकू हातात उलथनं घेऊन धावत बाहेर आल्या. "काय पडलं? कोन पडलं?"

"पडलं न्हाई. आठवा मानूस गेला. पुसून टाकला त्यांनी!"

त्याच मिनिटाला पिवळं कार्ड जाऊन लाल आलं. ताईला फोन झाला. ती म्हणाली, "अप्पा, प्रकाशकाने चूक दुरुस्त केली असेल. नवी आवृत्ती येते तशी नव्या पाटीत आपोआप दिसते. तुमच्या जुन्या पाटीला नेटच नाही, तिच्यात जुनीच राहिली."

"दुरुस्त केली? कुनाला इचारून?"

  वाचणाऱ्याच्या हातातलं पुस्तक त्याला न सांगता बदलतं ही गोष्ट मला आजही पटलेली नाही, आणि त्या दिवशी प्रथमच मला वाटलं की काकांचा संशय हा नुसता छंद नाही. पण लाल कार्ड म्हणजे परत पाठवणी. नवी पाटी खोक्यात गेली, चिकटपट्टी लागली. संध्याकाळी काका जुनी पाटी मांडीवर घेऊन ट्यूबखाली बसले. पान बदललं नाही. काकू दारातून माझ्याकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी माझी दुसरी, म्हणजे दुपारची, शिफ्ट होती. सकाळीच मी म्हणालो, "काका, छापील पुस्तक बघू या. मूळ."

 "छापील मातूर कुनी बदलू शकत न्हाई," ते सावकाश म्हणाले.

माझ्या मोटरसायकलवरून आम्ही चिंचवडच्या एका जुन्या वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी मागच्या कपाटातून पुठ्ठ्याची बांधणी केलेली, पिवळी पडलेली प्रत काढून दिली. मी पान उघडलं तसं काकांनी माझा हात धरला. "तू न्हाई. तुला मत हाय. बाईंना वाचू दे." बाईंनी चष्मा लावला आणि वाचलं, "ओसरीवर चहाचे सात कप मांडले होते." मग मी वाचलं. सात. मग काका पुस्तक घेऊन खिडकीत गेले, ऊन पानावर पडेल असं उभे राहिले आणि भिंग लावून त्या एका ओळीवर इतका वेळ थांबले की बाई मला खुणेने विचारू लागल्या, काय झालंय?

"सात," काका म्हणाले, आणि पुस्तक मिटून त्यांनी बाईंना दोन्ही हातांनी परत दिलं.

आठ ही पाटीत पुस्तक घालताना कुणाच्या तरी हातून झालेली चूक होती. चूक मास्टरमध्येच होती.

परत येताना आम्ही चहाला थांबलो. काकांनी कप हातात घेतला, पण चहा बशीत ओतला नाही. "सर्विसमधी एकदाच झालं हे," ते म्हणाले. "आमचा मास्टर झिजला हुता आन आमाला पत्ता न्हाई. एका बारक्या शेडवाल्याचा माल मी तीन आठवडे बाद केला. रोज यायचा बिचारा. सायब, माल नीट हाय, परत मोजा. मी म्हनायचो, तू तुजं बघ. त्येचं ऐकलं न्हाई मी."

"मग?"

"मग कळलं. सायकल काढली आन त्येच्या शेडवर गेलो. हात जोडलं. त्येनं च्या पाजला." काकांनी चहा बशीत ओतला. "बाद माल आत घेतला तर एक येळ चालतंय रं. चांगला माल बाद केला न्हाई पायजे."

थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे आचाऱ्यानंच मारला व्हय. मी उगाच त्येची बाजू घेत बसलो नऊ वर्सं."

त्या संध्याकाळी खोकं परत उघडलं गेलं. लाल कार्ड सोडून काकांनी नव्या पाटीला हिरवं कार्ड बांधलं, त्यावर सही केली, तारीख घातली. मग जुनी पाटी हातात घेतली. नियमाने तिला लाल कार्ड लागायला हवं होतं. काकांनी लाल कार्ड उचललं, खाली ठेवलं, आणि पिवळं बांधून तिला कपाटात ठेवलं. "होल्डवर ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. काकूंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

पण काकांच्या खात्यात आणखी एक नियम होता. मास्टर चुकीचा निघाला तर त्याच्यावर तपासून पास केलेला मागचा सगळा माल परत तपासायचा. म्हणजे नऊ वर्षांत जुन्या पाटीवर वाचलेलं प्रत्येक पुस्तक नव्या पाटीवर पुन्हा वाचणं आलं. काकांना त्याचं अजिबात ओझं वाटलं नाही. उलट कामावर परत बोलावणं आल्यासारखे ते सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, पाटी घेऊन बसू लागले. पानं बदलू लागली. काकू येता-जाता पानं मोजत आणि मला जिन्यावरून बोटांनी आकडा दाखवत.

नव्या पाटीशी त्यांचं पूर्ण जमलं असं मात्र नाही. पुस्तक संपायला किती वेळ लागेल हे ती पानाच्या खाली दाखवते. दोन तास दहा मिनिटं, असं काहीतरी. काकांनी ते पाहिलं आणि पाटी झटकन उपडी ठेवली.

"बीएस्सी, ही माजं टायमिंग घेतीया!"

कारखान्यात काम केलेल्या माणसाला यातलं भय समजावून सांगावं लागत नाही. मागे कुणीतरी घड्याळ घेऊन उभा राहतो, एका नगाला किती सेकंद लागले ते लिहून घेतो, आणि पुढच्या महिन्यात तेवढ्याच वेळात दीडपट काम मागितलं जातं. त्यावरचा उपाय सगळ्या शॉपफ्लोअरला ठाऊक आहे. घड्याळवाला उभा असला की हात हळू चालवायचा. काकांनी पाटीला तोच उपाय लागू केला. पहिली वीस पानं मुद्दाम रेंगाळत वाचायची, मध्ये पाणी प्यायचं, एकेका ओळीवर थांबायचं. पाटी फसून साडेचार तास दाखवू लागली की काका मला डोळा मारत. "तिला सवय लावून ठिवली. आता आपन आपल्या चालीनं."

मी हसायचो. कंपनीच्या बसमध्ये मित्रांना हे सांगून त्यांनाही हसवायचो. गेल्या वर्षभरात तो आकडा वाढत गेला. सहा तास. साडेसात. एका बारीकशा प्रवासवर्णनाला साडेनऊ. अक्षरही वाढत गेलं होतं. पानावर आधी दहा ओळी मावत, मग सहा, मग चार. एका संध्याकाळी मी पहिल्या शिफ्टवरून आलो, पाटी पाहिली आणि म्हणालो, "काका, आज तर अकरा तास! पार गंडवलंत की तिला."

काकांनी पाटीवरून बोट फिरवलं. "आता मी हळू वाचत न्हाई, बीएस्सी," ते म्हणाले.

 काकू आत कांदा चिरत होत्या, त्यांची विळी थांबली.

ताईने मोबाइलवर ऐकायची पुस्तकं घालून दिली. काकांनी दोन ऐकली आणि बंद केली. वाचणारा माणूस कोण, कुठला, त्याने काय गाळलं, काय नाही, काहीच विचारता येत नाही म्हणाले. मग मीच एकदा म्हटलं, मी वाचतो. तेव्हापासून पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी आणि दुसरी असली की सकाळी, मी ओट्यावर बसून नव्या पाटीवरून वाचतो आणि काका भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकतात. सुरुवातीला ते मध्येच अडवत. "'परंतु' लिवलंय का 'पन'? खरं सांग." मी पान त्यांच्यापुढे धरत असे, ते मान हलवत, म्हणत, ऱ्हाऊ दे. नियमाप्रमाणे अजून शंभरावर पुस्तकं परत तपासायची आहेत.

परवा मधमाश्यांचं पुस्तक चाललं होतं. दिवसभर मशिनवर उभा होतो, डोळे जड झाले होते. वाचता वाचता माझी एक ओळ सुटली. पुढच्या ओळीवर गेल्यावर ते माझ्या ध्यानात आलं. मी थांबलो आणि काका आता पकडतील म्हणून वाट पाहिली. जुन्या पाटीवर पुन्हापुन्हा वाचलेलं पुस्तक, एकेक वाक्य त्यांना ठाऊक. काका टेकून बसले होते. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"का थांबला?" त्यांनी विचारलं.

"एक ओळ सुटली माझ्याकडून."

"सुटली तर सुटली," काका डोळे न उघडता म्हणाले. "तू वाचतुयास ना. चल पुढं."

मी पाटीवरचं बोट मागे नेलं, सुटलेली ओळ शोधली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचली. मग पुढे गेलो.